रस्त्याचे वर्णन

बिघाडाच्या फॉर्मात एक रकाना असायचा : रस्त्याचे वर्णन.
जागा बोटाच्या पेराएवढी.
शहादा डेपोत बावीस वर्षं
मी तिथं एकच शब्द लिहिला, चढ.
दुसाने साहेब सही ठोकायचे
आणि कागद खिळ्याला.

पण चढ काय एक असतो?

म्हसावद सुटलं की राणीपूरपर्यंत
जमीन नुसती मान उचलते.
डोळ्याला दिसत नाही, डिझेलला दिसतं.
केळीच्या बागेत पाटाचं पाणी आपल्या उलट येत असतं,
त्यावरून ओळखायचं.
त्याला आम्ही म्हणायचो चोरचढ.

पुढं उठाण. तिथं तिसरा पडतो,
गाडीत बोलणी चालूच असतात,
कोंबडी कितीला दिली, पोरगी कुठं दिली.
मग चढण. दुसरा.
चढणीवर माणसं गप्प होतात.
का, ते मला कधी कळलं नाही,
दम तर इंजिनाला लागलेला असतो.
पायथ्याशी तंबाखू मळायला घेतलेला माणूस
तिसऱ्या वळणापर्यंत मळतच राहतो.

मग सोंड, दोन्ही अंगांना दरी
आणि मधून आपण, पंचेचाळीस सीट अधिक उभे अकरा.
मग ती जागा, जिथं काचेपुढं रस्ता नाहीच,
नुसतं आभाळ,
आणि स्टेअरिंग आठवणीवर फिरवायचं.
तिला कंडक्टर सुकलाल म्हणायचा आंधळी बारी.
अरे, बारी म्हणजे खिंड, इथं खिंड कुठंय?
तर म्हणे, "भाऊ, नाव ठेवाले पैसा लागस का?"
खरंच, डोंगराला नावं ठेवायला
आम्हा दोघांशिवाय रिकामं होतं कोण.

उताराला मात्र एकही नाव ठेवलं नाही.
तेव्हा पाय ब्रेकवर
आणि जीभ टाळूला चिकटलेली.

तोरणमाळला सीताफळं पिकतात त्या दिवसांत
घाटात एकदा क्लच गेला.
गाडी हातभर मागं आली. हातभरच.
"उटी! उटी लावा!" सुकलाल ओरडेपर्यंत
ठगीबाई पावरा पाटी टाकून खाली,
कडेचा दगड मागच्या चाकाला.
पाटीतली सीताफळं घरंगळत निघाली,
एकेक, राणीपूरच्या दिशेनं.
आम्ही सगळे बघत राहिलो.
एकानंही धरलं नाही.

मग ती त्या जागेला काहीतरी म्हणाली, पावरीत.
एकच शब्द.
इंजिन अजून धडधडत होतं,
मी म्हटलं, काय?
ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा, काय?
तिसऱ्यांदा ती बोललीच नाही.
डावा तळहात उभा धरला माझ्यापुढं,
बोटं जराशी मागं कललेली,
आणि त्यावरून उजव्या हाताचं बोट चालवलं,
अर्ध्यात टेकवलं,
थोडा वेळ तसंच,
मग वर नेलं.

रात्री फॉर्म भरला.
बिघाड : क्लच प्लेट.
जीवितहानी : नाही.
नुकसान : अंदाजे दीड पाटी सीताफळं.
हे दुसानेंनी खोडलं.
रस्त्याचे वर्णन.
पेन तिथं बराच वेळ उभं.
साहेब म्हणाले, लिहा हो, तेवढं तर सोपं आहे.
लिहिलं.

आता गुडघा बदललाय.
घर लोणखेड्याला, चहूकडे ऊस,
पाणी सोडलं तर कुठं जावं ते त्यालाच कळू नये
अशी जमीन.
फाटकापासून ओट्यापर्यंत सव्वीस पावलं.
सून म्हणते, इथं कुठला आलाय चढ, बाबा.
आहे.
कसला? नात विचारते. शाळेत विरुद्धार्थी शब्द चाललेत,
तिला वहीत लिहायचंय.
मी तळहात धरतो, जवळजवळ आडवा,
त्यावरून बोट चालवतो.
अर्ध्यात टेकवतो.
ती पेन्सिल घेऊन थांबलेली असते.